रक्त आदिवासींचे, पेटंट कोणाचे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत एक घोषणा झाली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जीनोमिकी संस्थेने सिकलसेल या रक्तविकारावर जनुकसंपादनाची स्वदेशी उपचारपद्धती विकसित केली असून तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात येत आहे, अशी ती घोषणा होती. उपचारपद्धतीचे नाव ठेवण्यात आले 'बिरसा १०१'. बिरसा मुंडा यांच्या जन्माला त्याच महिन्यात दीडशे वर्षे पूर्ण झाली होती आणि सिकलसेलने ग्रासलेल्यांत आदिवासींची संख्या मोठी आहे. तेव्हा नामकरण औचित्याला धरूनच झाले, असे कोणीही म्हणेल.

परंतु बिरसांचा उलगुलान कशासाठी होता? छोटा नागपूरच्या मुंडांची जमीन खुंटकट्टी पद्धतीने साऱ्या कुळाच्या सामाईक मालकीची असे. जमीनदार, ठेकेदार आणि सावकार यांनी इंग्रजी कायद्याच्या आधाराने ती गिळंकृत केली. त्याविरुद्ध १८९९-१९०० चे ते बंड होते. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्या तरुणाचा अंत झाला. सामाईक मालकीसाठी प्राण वेचणाऱ्याचे नाव ज्या शोधाला दिले, तो शोध तरी सामाईक मालकीचा राहणार आहे काय? हा प्रश्न विचारल्याने शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाला यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट, तो विचारला नाही तर त्या कर्तृत्वाचे चीज होणार नाही.

पैसा कोणाचा?

सिकलसेलचा इतिहास हा आधुनिक वैद्यक संशोधनाचाच संक्षिप्त इतिहास आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकावयास आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाने दाखविलेली ही पहिली प्रतिमा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या हिमोग्लोबिनचे रेणू विद्युत्क्षेत्रात निरोगी माणसाच्या रेणूंपेक्षा वेगळे वागतात, हे सिद्ध केले. एखादा रोग म्हणजे एका रेणूचा दोष असू शकतो, ही कल्पना जीवरसायनशास्त्राने त्या दिवशी जगाला दिली. १९५६ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका शोधून काढला: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. त्याच प्रयोगशाळेत मॅक्स पेरुत्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिमोग्लोबिनची अंतर्रचना उलगडली. प्राणवायू सोडल्यावर हे सदोष रेणू एकमेकांस चिकटून ताठर तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण असह्य वेदनांनी तळमळतो.

पुढचे पाऊल जनुकसंचाच्या अभ्यासाचे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पडते. ते चालू राहिले तर सिकलसेलची धार बोथट होते. ते बंद कोण करते? सार्डिनियातील व इतर ठिकाणच्या हजारो लोकांच्या जनुकसंचांची तुलना करून २००७-०८ च्या सुमारास याचे उत्तर मिळाले. ते काम करणारे जनुक सापडले. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना यांनी जिवाणूंच्या संरक्षणव्यवस्थेतून जनुके कापण्याची क्रिस्पर नावाची कात्री घडविली. २०२० चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. २०१९ मध्ये अमेरिकेत पहिल्या सिकलसेल रुग्णावर या कात्रीचा प्रयोग झाला.

या शंभर वर्षांच्या वाटचालीत पैसा कोणाचा होता? इंग्रॅम आणि पेरुत्झ यांची प्रयोगशाळा ब्रिटिश करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या वैद्यक संशोधन परिषदेची. अमेरिकेतील कामाचा फार मोठा भाग तेथील सरकारी राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानावर झालेला. डाउडना कॅलिफोर्नियाच्या आणि शार्पाँतिए स्वीडनच्या सार्वजनिक विद्यापीठात काम करीत होत्या. अखेरच्या टप्प्यात, म्हणजे मानवी चाचण्या आणि उत्पादन यांसाठी, खाजगी कंपन्यांनी मोठी गुंतवणूक केली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्या काळात यशाची शाश्वती नव्हती, त्या काळाची जोखीम समाजाने उचलली आणि पीक उभे राहिल्यावर कुंपण घालणारे वेगळे निघाले.

किंमत आणि तिचे समर्थन

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत त्याच वर्षी ८ डिसेंबरला कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतील किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने एका रुग्णामागे सुमारे १८ कोटी रुपये. त्याच दिवशी मान्यता मिळालेल्या दुसऱ्या कंपनीच्या जनुकोपचाराची किंमत ३१ लाख डॉलर.

बाजारवादी अर्थशास्त्रज्ञाचे उत्तर ठरलेले आहे. एवढी किंमत मिळाली नाही तर संशोधन कोण करील? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो, पण तो अर्थशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर घसरतो. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले की, ज्ञान ही इतर मालासारखी वस्तू नव्हे. एकाने भाकरी खाल्ली तर ती दुसऱ्याला उरत नाही. एकाने ज्ञान वापरले म्हणून ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही. एकदा निर्माण झालेले ज्ञान आणखी एका माणसाने वापरण्याचा समाजाला पडणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून त्याच्या वापरावर किंमत लावणे हा समाजाचा तोटा आहे आणि बाजार आपणहून पुरेसे संशोधन कधीच करणार नाही. ॲरो हे काही मार्क्सवादी नव्हते. प्रस्थापित अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहातील त्या विद्वानाचा निष्कर्ष असा की, शोधांचा खर्च मुख्यतः सार्वजनिक तिजोरीने उचलावा आणि शोध मुक्त ठेवावेत.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १९९० ते २००३ या काळात सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सार्वजनिक खर्चाने मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार झाला. १९९६ मध्ये बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरविले की, वाचलेला प्रत्येक तुकडा चोवीस तासांत जगासाठी खुला करावयाचा. सेलेरा ही खाजगी कंपनी तोच नकाशा वर्गणी भरणाऱ्यांना विकू पाहत होती. ब्रिटनचे जॉन सल्स्टन व त्यांचे सहकारी खुलेपणाच्या तत्त्वावर ठाम राहिले, म्हणून तो नकाशा आज मानवजातीचा आहे. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर मालकी सांगणाऱ्या मिरियड या कंपनीचा दावा तर १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळला. निसर्गात आढळणाऱ्या जनुकावर पेटंट घेता येत नाही, असा निर्वाळा भांडवलशाहीच्या माहेरघरी मिळाला!

आणि बाजाराने निदान कार्यक्षमता तरी दाखविली काय? ३१ लाख डॉलर मागणारी कंपनी २०२५ मध्ये मातीमोल भावाने गुंतवणूकदारांच्या हाती गेली. रुग्णांना परवडले नाही आणि कंपनीही तगली नाही. २०१९ मध्ये घाईच्या मार्गाने मान्यता मिळालेले ऑक्सब्रायटा हे औषध फायझरने २०२२ मध्ये ती कंपनीच ५.४ अब्ज डॉलरला विकत घेऊन आपल्याकडे आणले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले. कारण चाचण्यांत औषध घेणाऱ्यांचे मृत्यू अधिक आढळले. हेच बाजाराचे शहाणपण असेल, तर वेडेपणा कशाला म्हणावे?

एक घरचा युक्तिवाद

तथापि केवळ भांडवलदारांवर टीका करून भागणार नाही. समाजवादी चळवळीतही एक भाबडा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. ज्या गावात प्यायला पाणी नाही, उपकेंद्राला कुलूप आहे आणि बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागते, त्या देशात जनुकसंपादनाची चैन कशाला, असा हा युक्तिवाद. त्यामागील तळमळ खरी आहे, पण निष्कर्ष घातक आहे.

घातक अशासाठी की, तो विज्ञान श्रीमंतांना आंदण देऊन टाकतो. गरिबांसाठी विहीर आणि श्रीमंतांसाठी प्रयोगशाळा, ही वाटणी कोणी ठरविली? सिकलसेलचे उदाहरण तर या युक्तिवादाच्या नेमके उलट बोलते. हा रोग पाण्याने किंवा स्वच्छतेने जाणारा नाही. तो जनुकात आहे, आणि तो तेथे टिकला तो हिवतापामुळे. हिवतापाचा रक्तविकारांशी असा संबंध असावा, हा तर्क १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलॅसेमियासंबंधी मांडला आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तो पडताळून पाहिला. सिकलसेलचे एकच जनुक वाहणाऱ्याला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. दोन्ही जनुके सदोष असणाऱ्याला मात्र रोग होतो. हाल्डेन हे मार्क्सवादी होते. १९५७ मध्ये ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला. जनुकशास्त्र ही भांडवलदारांची चैन आहे असे त्यांना कधी वाटले नाही. ते कष्टकऱ्यांच्या हाती यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

भारतात या रोगाची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आढळला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यांत तो विशेष दिसतो. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा अशा जमातींत तो आहे आणि विदर्भातील बौद्ध समाजातही आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते, म्हणून येथील सिकलसेल सौम्य, असा समज दीर्घकाळ रूढ होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्याकडील मुलांच्या नोंदी ठेवून दाखवून दिले की, येथेही रोग अनेकदा तीव्र असतो. हा समज किती वर्षे शासकीय अनास्थेच्या सोयीचा ठरला असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. सूक्ष्म संशोधन नसेल तर गरिबाचे दुखणे 'सौम्य' ठरते. म्हणून संशोधन ही गरिबाची गरज आहे.

मोजणी झाली, पुढे काय?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. सतरा राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक आढळले. सरकारी यंत्रणेने एवढे काम केले, याची नोंद खुल्या मनाने घ्यावयास हवी. परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. ज्याच्या हाती रोगाचे कार्ड पडले, त्याच्या हाती औषध पडले काय?

या रोगावरील स्वस्त उपाय जुनेच आहेत. हायड्रॉक्सीयुरिया हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झाले; त्यावर आज कोणाचे पेटंट नाही. वेदनेचे झटके ते जवळजवळ निम्म्याने कमी करते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा येथील मुलांवर त्याचा चांगला परिणाम होतो आणि मृत्यूही घटतात, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे गरीब देशांत ते चालणार नाही, ही सबबही उरली नाही. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९८६ पासून ठाऊक आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा वेग ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या डॉप्लर तपासणीने कोणत्या मुलाला पक्षाघाताचा धोका आहे हे आधीच कळते आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास दहापैकी नऊ पक्षाघात टळतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुई टोचावयाची नाही, चिरफाड नाही. ही तपासणी आदिवासी पट्ट्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात का असू नये?

येथे खर्चाचा प्रश्न पुढे केला जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या सावटातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पण आड कोणी कोरडा ठेवला, हेही विचारले पाहिजे.

तपासणीचा दुसरा धोका सामाजिक आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक, ही माहिती प्रत्येक जोडप्याला मिळालीच पाहिजे. पण विवाहापूर्वी कार्डे जुळविण्यावरच सारा भर राहिला, तर कुंडलीच्या जागी कार्ड येईल आणि त्याचा जाच मुलीच्या वाट्याला अधिक येईल. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे सांगण्यास वेळ लागतो, माणूस लागतो. तो आशा कार्यकर्तीच्या तुटपुंज्या मानधनातून फुकट मिळावा, अशी शासनाची अपेक्षा दिसते. अमेरिकेत १९७० च्या दशकात हेच घडले. १९७२ मध्ये कायदा झाला, अनेक राज्यांनी सक्तीच्या चाचण्या लादल्या आणि निरोगी वाहकांना विमा व नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. त्याच देशात १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यावस्त्यांतून मोफत तपासणी सुरू केली होती. तपासणी तीच. एका ठिकाणी ती लोकांच्या हातातले साधन होती, दुसरीकडे लोकांवरचा शिक्का. २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात भारताने सिकलसेलचा समावेश केला खरा, पण नोकरीतील आरक्षणाच्या यादीतून तो वगळला. दुखणे मान्य आणि हक्क अमान्य, असा हा न्याय.

रक्ताचा हिशेब

संशोधनासाठी रक्त लागते आणि ते रक्त गरीब देतो. अमेरिकेत ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. त्यांना न विचारता त्यावर मानसिक आजारांचे आणि त्यांच्या मूळस्थानाचे संशोधन झाले. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. भारतात दहा हजार लोकांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली आणि ती फरिदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवली आहे. संकल्प स्तुत्य आहे. पण सिकलसेल अभियानातून सहा कोटी माणसांच्या रक्ताची जी माहिती जमली, तिचा वापर कोण करणार, औषध कंपनीला ती मिळणार काय, आणि मिळाली तर ज्यांचे रक्त त्यांना काय मिळणार? १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जल-जंगल-जमिनीवर अधिकार दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविले. बांबूचा वाली जर ग्रामसभा होऊ शकते, तर रक्ताच्या माहितीविषयी तिला साधे विचारलेही जाऊ नये, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

अटी जाहीर करा

आता पुन्हा 'बिरसा १०१' कडे. तंत्रज्ञान सार्वजनिक संस्थेचे, उत्पादन खाजगी कंपनीचे, अशी रचना आहे. उत्पादनासाठी उद्योग हवा, हे मान्य. पण कोविशील्डचा अनुभव ताजा आहे. ऑक्सफर्डमधील बहुतांश सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची ती लस. केंद्राला ती १५० रुपयांना मिळत होती. एप्रिल २०२१ मध्ये, माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना, राज्यांसाठी ४०० आणि खाजगी रुग्णालयांसाठी ६०० रुपये दर जाहीर झाला. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ३०० वर आला. कोणा एका उद्योगपतीच्या स्वभावाचा हा दोष नाही. किमतीची अट आधी घातली नाही, तर किंमत बाजार ठरवितो, एवढाच त्याचा धडा.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. या तंत्रज्ञानाच्या कराराच्या अटी संसदेच्या पटलावर ठेवाव्यात. परवाना एकाच कंपनीच्या मक्तेदारीचा नसावा. किमतीला कमाल मर्यादा असावी आणि ती मोडल्यास परवाना परत घेण्याचा अधिकार परिषदेकडे राहावा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५० च्या दशकात देशाला पेनिसिलिन बनवून दाखविले, मुंबईच्या हाफकिन संस्थेने प्लेगच्या लसीचा वारसा शतकभर सांभाळला. अशा सार्वजनिक कारखान्यांना सडवत ठेवून खाजगी उद्योगाला पर्याय नाही, असे म्हणण्याचा अधिकार शासनाला नाही.

जनुकोपचार स्वस्त झाला, तरी तो लगेच पाड्यावर पोहोचणार नाही, हेही लोकांना प्रामाणिकपणे सांगावे. मूळपेशी काढावयाच्या, त्यांचे संपादन करावयाचे, तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावयाची आणि कित्येक आठवडे निर्जंतुक खोलीत काढावयाचे, असा तो उपचार आहे. त्याची तयारी आजपासून व्हावी; पण तोवर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आणि पेनिसिलिन बारमाही मिळावे, नवजात बालकांची तपासणी व्हावी आणि डॉप्लर यंत्र जिल्ह्यात असावे. उद्याच्या चमत्काराचे ढोल वाजवून आजची गोळी नाकारणे, हा आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होईल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात ही दोन औषधे किती दिवस उपलब्ध होती, याची नोंद दर महिन्याला ठेवता येते. कार्डे मिळालेल्यांची यादी आणि औषध मिळालेल्यांची यादी शेजारी ठेवून दोहोंतील अंतर ग्रामसभेत वाचून दाखविता येते. माहितीच्या अधिकारात कराराच्या अटी मागता येतात. विळ्याच्या आकाराची पेशी शास्त्राने ११५ वर्षांपूर्वी पाहिली. ती ज्याच्या अंगात आहे, तो माणूस राज्यकर्त्यांना अजून पुरता दिसलेला नाही. तो त्यांना दाखवून देणे हे आता संघटनेचे काम आहे.